दार उचलल्याशिवाय लॉक लागत नाही: लॉक बदलण्याआधी काय तपासावं

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करतो. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरचा, बारा वर्षं जुना फ्लॅट. मुख्य दाराला हँडलसकट आत बसवलेलं लॉक, वर नाईट लॅच (दार ओढलं की आपोआप लागणारं लॉक), बाहेरून अल्ड्रॉप (कुलूप लावायची आडवी कडी). जून लागला की दार हँडलला धरून वर उचलावं लागतं, तेव्हा कुठे किल्ली फिरते. खोबरेल तेल घातल्यावर चार दिवस बरं वाटलं, आता किल्ली आत जातानाच अडखळते. चावीवाला म्हणतो अख्खं लॉक बदला. शिवाय बेडरूमचं हँडल लोंबतंय, आणि बाथरूमचा गोल नॉब आतून आपोआप लॉक होतो.

फोटो नाहीत, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या दारावर अवलंबून राहतील. त्या जिथे येतील तिथे सांगतो. पण "उचलल्यावर लागतं" हे तुमचं एक वाक्य बरंच सांगून जातं. उचलल्याने लॉकच्या आतलं काहीच बदलत नाही, बदलते ती दाराची जागा. म्हणजे मूळ बिघाड दारात आहे आणि लॉकचा बिघाड तेलाने नंतर जोडला गेला आहे. नवं लॉक बसवलं तर तेही त्याच चौकटीत, त्याच पट्टीवर (लॉकचा दांडा जिच्या भोकात जातो ती) अडेल.

खात्री करायला दार सताड उघडा, आणि उघड्या दारातच किल्ली घालून फिरवा. बोल्ट (लॉकच्या कडेतून बाहेर येणारा चौकोनी दांडा) पूर्ण बाहेर येतो का, आत जातो का, हाताला कुठे अडतं, ते बघा. बहुतेक मॉर्टाइज (दाराच्या जाडीत बसवलेल्या) लॉकमध्ये किल्ली दोनदा फिरते आणि बोल्ट साधारण २० मिमी बाहेर येतो. उघड्या दारात सगळं सुरळीत आणि बंद दारात अडत असेल, तर लॉकला हात लावू नका. उघड्या दारातही किल्ली जड फिरत असेल, तर दोष लॉकमध्ये किंवा किल्लीत आहे. तुमच्याकडे दोन्ही थोडं थोडं निघेल असा माझा अंदाज आहे. क्रम मात्र आधी दार, मग लॉक असाच ठेवा.

दार नेमकं कुठे घासतंय ते डोळ्यांनी कळत नाही. बोल्ट बाहेर काढून त्याच्या टोकाला आणि खालच्या-वरच्या कडांना ओलं कुंकू किंवा ओला खडू फासा. बोल्ट आत घ्या, दार लावा, न उचलता किल्ली फिरवायचा प्रयत्न करा, मग दार उघडून चौकटीवरची पितळी किंवा स्टीलची पट्टी बघा. भोकाच्या खालच्या काठावर रंग उमटला तर दार खाली आलंय. वरच्या काठावर उमटला (असं क्वचित होतं) तर चौकट हललेली असते. बाजूच्या उभ्या काठावर उमटला, म्हणजे दार नीट टेकत नाहीये. तिथे चौकटीच्या खोबणीत जाड झालेला रंग, चिकटवलेली रबरी पट्टी किंवा बाहेर आलेला स्क्रू सापडतो. अशा वेळी दार उचलावं लागत नाही, ढकलावं किंवा ओढावं लागतं. पट्टीवर कुठेच रंग नाही, पण दुसरा फेरा पूर्ण होत नाही, तर भोक उथळ आहे. त्यात पेन्सिल घालून खोली मोजा. जुना रंग, भुसा, कधी सिमेंटचा खडा तिथे बसलेला असतो, आणि लोक वर्षानुवर्षं एकाच फेऱ्यावर दार लावत राहतात.

तुमच्या बाबतीत खुणा खालच्या काठावर येतील असं धरून पुढे जातो. लाकूड आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे नुसत्या पावसाने दार रुंद होऊन लॉकच्या बाजूला घासतं आणि धक्का द्यावा लागतो. उचलावं लागणं ही बिजागरीची तक्रार आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले पडतात, दाराचा लॉककडचा कोपरा दोन-तीन मिलिमीटर खाली येतो. उन्हाळ्यात जेमतेम भागतं, जूनमध्ये उरलीसुरली फटही फुगण्यात जाते आणि मग सगळा दोष पावसाच्या माथी येतो.

दार अर्धं उघडून हँडलला धरून वर-खाली हलवा आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. बिजागरीची पट्टी चौकटीपासून हलताना दिसली तर स्क्रू घट्ट करा. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर लाकडातलं भोक खाल्लं गेलंय. स्क्रू काढा, उदबत्तीच्या काड्यांचा मसाला नसलेला भाग फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा (तीन-चार काड्या लागतात), बाहेरचा भाग पटाशीने सपाट कापा आणि रात्रभर सुकू द्या. सकाळी त्यात स्क्रू बसवा. आगपेटीच्या काड्या मऊ असतात, बांबूची काडी पकड जास्त धरते. सगळे स्क्रू एकाच वेळी काढू नका. दार जड असतं, एकेक करत जा किंवा दाराखाली पाचर द्या. चौकट लाकडी असेल तर वरच्या बिजागरीतला मधला स्क्रू बदलून ५० मिमीचा, ८ नंबरचा घाला, तो चौकटीच्या आतल्या निबर लाकडात जातो. चौकट सिमेंटची, पत्र्याची किंवा ग्रॅनाइटची असेल तर ही युक्ती चालत नाही. सिमेंटमध्ये फास्टनर लागतो, पत्र्यात आटे मोठे करून घ्यावे लागतात, आणि ग्रॅनाइटमध्ये घरगुती ड्रिल न चालवलेलं बरं.

स्क्रू घट्ट करूनही दार थोडं खालीच राहिलं तर खालच्या बिजागरीमागे पुठ्ठा द्या. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. सात फुटी दारात वरच्या आणि खालच्या बिजागरीत साधारण १.७ मीटर अंतर असतं आणि दार ९० सेंटिमीटर रुंद, म्हणून खाली १ मिमी पुठ्ठा दिला की लॉककडची कड सुमारे अर्धा मिलिमीटर वर येते. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त पुठ्ठा देऊ नका, बिजागरी तिरकी होऊन दार स्वतःहून उघडायला लागतं.

एवढं करून एक-दीड मिलिमीटरचा फरक उरला तर पट्टीच्या भोकाचा खालचा काठ चपट्या कानसीने घासा. मागचं लाकूडही तेवढंच पटाशीने काढा, नाहीतर बोल्ट पट्टीतून जाऊन लाकडावर आपटेल. फरक दोन मिलिमीटरच्या वर असेल तर पट्टीच खाली सरकवा. इथे हमखास एक चूक होते: नवं भोक जुन्या भोकाला इतकं चिकटून येतं की स्क्रू घसरून जुन्यातच शिरतो आणि पट्टी मूळ जागी येते. आधी जुनी भोकं काड्या-फेविकॉलने बुजवा, सुकल्यावर नवी पाडा.

आणि कृपा करून आत्ता, भर पावसात, दार रंधून घेऊ नका. सुतार लगेच तयार होतो, कारण काम अर्ध्या तासाचं असतं. पण फुगलेलं दार रंधलं की जानेवारीत तिथे बोटभर फट दिसते. रंधायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये, आणि रंधल्या रंधल्या ती कड सील करा. त्याच दिवशी दाराची वरची आणि खालची कड हाताने चाचपून बघा; बहुतेक घरांत तिथे कधी पॉलिश लागलेलंच नसतं, आणि पाणी तिथूनच आत शिरतं. दार न काढता खालची कड रंगवता येत नाही, म्हणूनच ती राहून जाते. दार उतरवलंच आहे तर दोन हात मारून घ्या.

आता लॉककडे. तेल घालण्याआधी किंवा बदलण्याआधी ते कोणत्या जातीचं आहे ते किल्लीवरून ओळखा. किल्ली चपटी आणि कडेला करवतीसारखे दाते असतील तर आत पिनांचं सिलिंडर आहे. पाच-सहा पिनांच्या जोड्या, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. १८६१ साली अमेरिकेत लायनस येल ज्युनिअर यांनी जी रचना पेटंट केली, तीच आजही बहुतेक घरांत आहे. किल्ली चपटी पण तिच्या अंगावर खळगे असतील तर तेही पिनांचंच, फक्त पिना बाजूने येतात. किल्लीचा दांडा गोल आणि टोकाला छोटं पान असेल, तर ते लीव्हरचं लॉक. आत पितळी पट्ट्यांची चळत असते आणि किल्लीच्या पानावरची प्रत्येक पायरी एकेक पट्टी नेमक्या उंचीला उचलते. बारा वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये दोन्ही मिळतात, म्हणून दोन्हीचं सांगतो.

पिनांचं असेल तर सर्वात आधी कपाटातली न वापरलेली मूळ किल्ली काढा आणि उघड्या दारात तीच घालून बघा. ती लोण्यासारखी फिरली तर लॉक ठणठणीत आहे, तुमची रोजची किल्ली झिजली आहे. नवी किल्ली पाडून घेताना चावीवाल्याला मूळ किल्ली द्या. झिजलेल्या किल्लीवरून पाडलेली किल्ली तीच झीज उचलते, वर यंत्राचा थोडा फरक पडतो, आणि नकलेची नक्कल तिसऱ्या पिढीत अडायला लागते.

मूळ किल्लीही अडखळत असेल तर तेलाचा प्रताप. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं तसं कुलपातही गोठतं, आणि गोठलं नाही तरी जिन्यातली धूळ धरून ठेवतं. त्या चिकट लेपात पिनेची स्प्रिंग पिन परत जागेवर ढकलू शकत नाही. किल्लीच्या भोकात डब्ल्यूडी-४० दोन सेकंद मारा, खाली जुनं फडकं धरा, किल्ली दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा आणि दर वेळी पांढऱ्या कापडाला पुसा. आधी काळं येईल, मग करडं, मग स्वच्छ. काळं येणं थांबेपर्यंत करा. हा फवारा मुख्यतः धुण्यासाठी आहे, वंगण म्हणून तो टिकत नाही. रात्रभर सुकू द्या, मग ग्रॅफाइटची पूड घाला किंवा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे मारा. पूड नसेल तर पेन्सिलचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली वीसेक वेळा फिरवा. एचबीपेक्षा ४बी किंवा ६बी पेन्सिल घ्या, तिच्यात माती कमी आणि ग्रॅफाइट जास्त असतं. ओलाव्यावर ग्रॅफाइट टाकलं तर मात्र काळा लगदा होतो आणि सगळं पहिल्यापासून.

इतकं करूनही अडलं तर सिलिंडर बदला, अख्खं लॉक नाही. हँडलखाली किल्लीच्या भोकाभोवती वर गोल आणि खाली निमुळता असा पितळी ठोकळा दिसत असेल, तर तो सुटा निघतो. दाराच्या कडेला, लॉकच्या उभ्या पट्टीवर, किल्लीच्या भोकाच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो पूर्ण काढा. किल्ली घाला आणि घड्याळाचा मिनिटकाटा दोन-तीन मिनिटांत जेवढा सरकतो तेवढीच फिरवा, म्हणजे सिलिंडरच्या मधलं पातं आत दडतं. मग किल्लीला धरून ओढा. पहिल्यांदा काढताना बहुतेकांची किल्ली सरळ असते आणि पातं अडून राहतं. जोर लावू नका, किंचित इकडे-तिकडे फिरवत ओढा. नवा घेताना जुना सोबत न्या, किंवा मधल्या स्क्रूच्या भोकाच्या केंद्रापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा: ३०-३०, ३०-४०, ३५-३५ अशी मापं मिळतात. नुसतं "साठचं द्या" म्हटलं की चुकतं. बाहेरच्या बाजूला सिलिंडर हँडलच्या पट्टीच्या वर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नका. जास्त आला तर पकडीत धरून स्क्रूच्या भोकापाशी मोडता येतो, कारण तिथेच त्याचं अंग सर्वात बारीक असतं.

लीव्हरचं असेल तर वेगळा सुटा भाग नाही, पूर्ण पेटी काढावी लागते. आधी हँडल, मग त्यातून जाणारी चौकोनी सळई, मग कडेचे दोन स्क्रू. पेटी टेबलावर आडवी, झाकण वर ठेवून उघडा. उभी उघडली तर पट्ट्या आणि स्प्रिंगा मांडीवर येतील. झाकण काढताच फोटो घ्या. पट्ट्यांचा क्रम हाच त्या किल्लीचा पत्ता आहे, एक जरी उलटसुलट झाली तर किल्ली फिरणार नाही. आत काय सापडेल? बहुधा एखादी तुटलेली चपटी स्प्रिंग, नाहीतर गंजलेली बोल्टची वाट. गंज बारीक पॉलिश पेपरने घासा, पट्ट्या रॉकेल किंवा टर्पेंटाइनने धुवा, सुकवा, बोल्ट सरकतो तिथे ग्रीसचं बोट लावा, पट्ट्यांवर काहीही लावू नका. एखादी पट्टी काढून टाकली तर लॉक चालतं, पण सहा लीव्हरचं पाच लीव्हरचं होतं. स्प्रिंग मिळेपर्यंत ठीक. पेटीचं झाकण रिव्हेट केलेलं असेल तर उघडायच्या भानगडीत न पडता त्याच मापाची पेटी घ्या. माप म्हणजे दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतर, आणि हँडल ते भोक हे उभं अंतर. ही दोन जुळली की दारात नवी खाच करावी लागत नाही.

वरच्या नाईट लॅचबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण दार खाली आलं की त्याचीही पट्टी जुळेनाशी होते. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपं बनवायला घेतली, ते नाव इतकं रुळलंय की बरेच जण कोणत्याही नाईट लॅचला "गोदरेज" म्हणतात. दुकानात जाताना म्हणून मॉडेल वाचून जा. याचा नेहमीचा बिघाड म्हणजे बाहेरून किल्ली फिरते पण आत काही हलत नाही. सिलिंडरमागून एक पातळ पट्टी दारातून आतल्या पेटीत जाते. ती आखूड कापली गेली, वाकली किंवा पेटीतून निसटली की किल्ली रिकामी फिरते. आणि किल्लीबरोबर अख्खं सिलिंडरच फिरत असेल, तर त्याला मागून धरणारे दोन लांब स्क्रू ढिले आहेत. आतली पेटी काढा, ते आवळा, पेटी परत लावा. याला डिजिटल लॉक बसवायचा विचार असेल तर तोही दार सरळ झाल्यावरच. बोल्ट घासत असला की मोटर जोर लावते आणि बॅटऱ्या भराभर संपतात.

अल्ड्रॉपचं एकच बघा: बाहेरून त्याचे स्क्रू दिसतात का. दिसत असतील तर तिथलं कुलूप कितीही भारी असो, स्क्रू ड्रायव्हरने सगळं निघतं. ते काढून आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट घाला आणि नट आतून आवळा.

बेडरूमचं हँडल लोंबतंय ते बहुधा मानेखालच्या बारीक बिनडोक्याच्या स्क्रूमुळे. तो एल-कीने (एल आकाराच्या षटकोनी किल्लीने) आवळतात. आधी हँडल दाराकडे दाबून धरा, मग आवळा, नाहीतर फट राहून आठवड्यात पुन्हा सैल. आवळूनही लोंबलं तर हँडल काढून चौकोनी सळई बघा, साधारण ८ मिमीची असते. तिच्या कडा गोल झाल्या असतील तर सळई बदला, स्वस्तात होतं. सळई ठीक असेल तर हँडलच्या चकतीतली परतीची स्प्रिंग तुटली आहे.

बाथरूमच्या गोल नॉबला मात्र आजच हात घाला, लहान मूल घरात असेल तर नक्कीच. आतलं बटण ढिलं पडलं की दार आपटल्याच्या धक्क्याने ते दाबलं जातं. बाहेरच्या नॉबवर मधोमध एक छोटं भोक किंवा चीर असते, ती अशाच वेळेसाठी. चिरेत नाणं किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवायचं. भोक असेल तर जाड सुई सरळ आत दाबायची. कोणतं आहे ते आत्ताच करून बघा, आणि सुई लागत असेल तर ती चौकटीच्या वर चिकटपट्टीने लावून ठेवा. नॉब काढायचा तर आतल्या नॉबच्या मानेवर बारीक भोक शोधा, त्यात टोकदार काहीतरी दाबून नॉब ओढा, मागची चकती काढा, दोन लांब स्क्रू दिसतील. आतलं बटण झिजलेलं असेल तर दुरुस्त करत बसू नका, पूर्ण सेट बदला. दारातलं मोठं भोक साधारण ५४ मिमीचं असतं, पण कडेपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर ६० किंवा ७० मिमी असतं. ते मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

हे सगळं होईपर्यंत मुख्य दाराची किल्ली जोराने फिरवू नका. मोडलीच आणि तुकडा आत राहिला तर फेविक्विक लावलेली काडी घालण्याचा उपाय लोक सुचवतात, तो करू नका. पिना कायमच्या चिकटतात. किल्लीची चीर आधी सरळ उभी, म्हणजे किल्ली घालतानाच्या स्थितीत आणा, कारण तिरक्या स्थितीत तुकडा पिनांनी धरलेला असतो. मग फ्रेट सॉचं (नक्षीकामाच्या करवतीचं) बारीक पातं, दाते बाहेरच्या दिशेला ठेवून, तुकड्याच्या कडेने सरकवा आणि हळू ओढा. दात्यात अडकून तुकडा दोन-तीन मिलिमीटर बाहेर आला की उरलेलं काम चिमट्याचं.